इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या शीतलीकरणातील एकदिश झडप

सर्व्हरच्या मागील बाजूस अनेक पंखे शेजारी शेजारी बसविलेले असतात. एक बंद पडला तरी उरलेल्यांनी भार पेलावा, हा त्यामागील हेतू होय. प्रत्यक्षात बंद पंख्याची पोकळीच अपायकारक ठरते. चालू पंख्यांमुळे आत दाब कमी झालेला असतो. त्यामुळे बाहेर फेकलेली उष्ण हवा त्या पोकळीतून पुन्हा आत शिरते. पंखे फिरतात, आवाजही येतो. परिपथ मात्र तापत जातात. हवेचे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढू देऊन १ किलोवॅट उष्णता वाहून न्यायची, तर सेकंदाला सुमारे ८३ लिटर ताजी हवा लागते. तेथल्या तेथे फिरणारी हवा या हिशेबात धरता येत नाही.

यावरील उपाय म्हणजे पंख्याच्या मुखाशी टांगलेली हलकी झडप. लोहाराच्या भात्यातील चामड्याच्या झडपेचेच हे तत्त्व. झोत तिला उघडतो. तो थांबताच स्वतःचे वजन व उलटा दाब तिला मिटवितात. मोटर लागत नाही. मात्र उघडी झडपही प्रवाहास काहीसा अडथळा करतेच. म्हणून ती जड असून चालत नाही आणि फार हलकी असल्यास थरथरते. शिवाय धूळ बसून ती अर्धवट उघडी अडकू शकते, आणि हा दोष पंखा बिघडेपर्यंत दिसत नाही. यास्तव देखभालीच्या वेळी एकेक पंखा मुद्दाम थांबवून झडप पूर्ण मिटते किंवा नाही, हे पाहावे.