आदिलाबादच्या घरांतला कागदांचा खण : एक मागोवा

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला, जैनथ या पट्ट्यातल्या जुन्या मराठी शेतकरी घरांत महत्त्वाचे कागद ठेवायचा खण बहुधा एकच असतो आणि तो धड बंद होत नाही. जमिनीच्या नकला, त्यांवर कापूस विकल्याच्या पट्ट्या, विजेची बिले, मध्येच फ्यूजची तार आणि संपलेले सेल. आवरायला बसलेल्या माणसाची खरी अडचण वेगळीच असते : हातातला कागद त्याला वाचता येत नाही.

तळाशी निजामाच्या काळातले कागद असतात. सप्टेंबर १९४८ मध्ये भारताने हैदराबाद संस्थानावर केलेल्या पोलीस कारवाईपर्यंत सरकारी दफ्तर उर्दूत चाले आणि साल फसली असे. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन ढोबळमानाने निघतो. खणाच्या कोपऱ्यात निजामाच्या राज्यातले एखादे हाली नाणे सापडते. हे चलन १९५९ मध्ये कायमचे बाद झाले. त्याचा आता हौशी संग्राहकांपुरता उपयोग. पण कागदाचे तसे नाही. १९५४-५५ ची खासरा पहाणी, म्हणजे जमिनीची नोंद, आजही तेलंगणात जमिनीच्या वादात मूळ आधार मानली जाते. त्यामुळे जीर्ण, पिवळा, कोणालाच न कळणारा कागद आधी टाकावा हा आवराआवरीचा नेहमीचा नियम इथे घातक ठरतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर शेती असलेल्या घरात मग सातबारा आणि पहाणी एकाच पिशवीत आले. आजोबांना उर्दू, वडिलांना मराठी, नातवंडांना तेलुगू, अशी वाचणाऱ्यांची वाटणीही झाली. याची कमाल पाहायची तर पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेवर, जिवतीकडच्या १४ वादग्रस्त गावांत पाहावी. तिथे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आणि मतदार ओळखपत्रे एकाच घरात निघतात.

पट्टादार, म्हणजे जमीनधारकाचे, पासबुक १९७१ च्या कायद्याने आले. २०१४ मध्ये तेलंगणा झाले, ११ ऑक्टोबर २०१६ ला जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि पत्त्यातला जिल्हा बदलला. २०१८ मध्ये नवी पासबुके मिळाली, त्यांच्याबरोबर रैतु बंधू या शेतकरी मदत योजनेचे एकरी ४,००० रुपयांचे चेकही. २०२० मध्ये जमीन नोंदींचे धरणी पोर्टल आले, २०२५ मध्ये त्याची जागा भू भारतीने घेतली. दर वेळी नवा कागद आला, जुना मात्र ‘असू द्या’ म्हणून राहिला. हे चुकीचेही नव्हते. साध्या कागदावर लिहून घेतलेले खरेदीखत, म्हणजे साधा बैनामा, वर्षानुवर्षे कुचकामी समजला जाई. २०२० मध्ये असे व्यवहार नियमित करायला सरकारने अर्ज मागवले आणि खण उपसले गेले.

बाकीच्या वस्तूंचा निकाल सोपा. २५ पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चालेनाशी झाली, जुन्या ५०० आणि १,००० च्या नोटा नोव्हेंबर २०१६ मध्ये गेल्या. विकून टाकलेल्या मोटारसायकलीचे एपी ०१ या जुन्या आदिलाबाद क्रमांकाचे आरसी बुक मात्र नावावरची नोंद बदलल्याची खात्री होईपर्यंत टाकू नये.

आवरताना सालाप्रमाणे गठ्ठे करण्यापेक्षा सर्व्हे नंबरप्रमाणे करणे सोयीचे, कारण मालकाचे नाव, जिल्हा, राज्य सगळे बदलले तरी शेताचा माग त्या नंबरावरून काढता येतो. उर्दू कागद जाणकाराकडून वाचून घेऊन त्याच्या पाकिटावर पेन्सिलीने मराठीत सार लिहावे. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात. मुद्रांकाच्या कागदाला लॅमिनेशन करू नये. शिक्का आणि कागद तपासायची वेळ आली तर ते सोलताना कागदच फाटतो. एटीएमच्या आणि दुकानातल्या थर्मल कागदाच्या पावत्या काही वर्षांत आपोआप कोऱ्या होतात. ज्या लागणार आहेत त्यांची झेरॉक्स आधीच काढून ठेवावी, बाकीच्या रद्दीत.