परक्या शहरातले हक्काचे अंगण

गाव सोडून दूरच्या शहरात गेलेल्या माणसाला पहिली गरज कशाची असते? आपण म्हणू, कामाची आणि डोक्यावरच्या छपराची. ते खरेच आहे. पण काम मिळाले, खोली मिळाली, पहिला पगार हाती पडला, तरी रविवारची संध्याकाळ अंगावर येते. आपल्या बोलीत बोलणारा, आपल्या गावची वाट ठाऊक असलेला कुणी तरी भेटावा असे वाटू लागते. मुंबईच्या चाळीतून गावकीच्या खोल्या आणि मंडळे उभी राहिली ती याच गरजेतून. इंग्लंडमध्ये मजुरीसाठी गेलेल्या आयरिश माणसांनीही हेच केले.

लंडनचा कॅम्डन भाग आपल्या वाचकांना अपरिचित नाही. विद्यार्थिदशेत १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर याच कॅम्डनच्या हद्दीत आहे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. याच कॅम्डनमध्ये, कॅम्डन स्क्वेअर येथे, १९५५ साली ‘लंडन आयरिश सेंटर’ सुरू झाले. जागेची निवडही अर्थपूर्ण होती. आयर्लंडहून बोटीने होलीहेड बंदरात आणि तिथून आगगाडीने आलेला माणूस उतरायचा तो जवळच्याच यूस्टन स्टेशनवर. हातात एक पेटी, खिशात थोडे पैसे आणि ओळख कुणाचीच नाही! अशा तरुण-तरुणींना राहायला जागा मिळावी, काम शोधायला मदत व्हावी, म्हणून कॅथॉलिक चर्चच्या पुढाकाराने हे केंद्र उभे राहिले. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत चार लाखांहून अधिक माणसे आयर्लंडला कायमची अंतरली. त्यांतील बहुसंख्य इंग्लंडमध्ये आली.

आयरिश माणसाचे हे देशांतर नवे नव्हते. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ सुरू झाला. सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली, आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडमधून धान्य बाहेर जातच होते! पुढे इंग्लंडमधील रस्ते, बोगदे, इमारती यांच्या पायात आयरिश मजुरांचा घाम जिरला. १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाल्यावर रुग्णालयांतून हजारो आयरिश मुली परिचारिका म्हणून राबल्या. एवढे करूनही खोली भाड्याने मागायला गेले की दार बंद होई. ‘आयरिश लोकांना जागा नाही’ अशा पाट्यांच्या आठवणी त्या पिढीतील अनेकांनी सांगितल्या आहेत. ज्यांना दार बंद झाल्याचा अनुभव आहे, त्यांना या आठवणींचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

अशा माणसांसाठी समाजाचा क्लब म्हणजे काय होते? तेथे चाले तो कार्यक्रम पाहू.

सर्वांत लोकप्रिय म्हणजे ‘केइली’, म्हणजे समूहनृत्याची संध्याकाळ. ही रीत थेट आयर्लंडच्या खेड्यातून आली असे वाटेल. पण सभागृहात जाहीर कार्यक्रम म्हणून पहिली केइली भरली ती लंडनमध्येच. ३० ऑक्टोबर १८९७ रोजी, आयरिश भाषेसाठी झटणाऱ्या गेलिक लीगच्या लंडन शाखेने ती ब्लूम्सबरी हॉलमध्ये भरविली. घरापासून दूर गेलेल्यांनाच घरची रीत जपण्याची निकड आधी भासली! या नाचात रांगा समोरासमोर उभ्या राहतात, जोड्या पुढे येतात, मागे सरतात आणि पुढच्या जोडीकडे जातात. त्यामुळे एका संध्याकाळी माणूस साऱ्या सभागृहाशी हात मिळवून येतो. नवखा मुलगा भिंतीला टेकून फार वेळ उभा राहू शकत नाही. साथीला फिडल, अ‍ॅकॉर्डियन, साधी पत्र्याची बासरी आणि आपल्या डफाच्या जातीचे ‘बॉरान’ हे चामड्याचे वाद्य असते. हे संगीत जपण्यासाठी १९५१ साली आयर्लंडमध्ये ‘कोल्तस’ ही संस्था निघाली आणि तिच्या शाखा इंग्लंडमधील आयरिश वस्त्यांतूनही उभ्या राहिल्या.

मुलांसाठी नृत्याचे, वाद्यांचे आणि आयरिश भाषेचे वर्ग असतात. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मुलाने आजीची भाषा निदान ओळखावी, ही त्यामागची तळमळ. १९९४ साली ‘रिव्हरडान्स’ हा नृत्यप्रयोग जगभर गाजला. घरातल्या नाचाची जिला लाज वाटे, तीच मुलगी मग शाळेत मान वर करून तो नाच करून दाखवू लागली.

खेळही आहेतच. लाकडी काठीने खेळला जाणारा हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे आयरिश मातीतले खेळ. लंडनच्या मजुरांनी ते इतके जोपासले की १९०१ ची अखिल आयर्लंड हर्लिंग स्पर्धा लंडनच्या संघाने जिंकली. २०१३ साली लंडनचा फुटबॉल संघ कॉनॉट प्रांताच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

या चित्राला काळी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. अनेक मुकादम मजुरांची मजुरी दारूच्या गुत्त्यातच वाटत. कष्टाचा पैसा हातात पडण्याआधीच अर्धा तिथेच संपे. घरी पाठवायचे राहून जाई, लग्न राहून जाई. म्हणूनच चहा, संगीत आणि नाचाची एक संध्याकाळ ही नुसती करमणूक नव्हती. माणूस गुत्त्यात न जाता चार बायाबापड्यांत, मुलाबाळांत बसावा, याची ती सोय होती.

संकटाच्या काळात तर क्लबचे मोल अधिकच कळले. बर्मिंगहॅममध्ये १९५२ पासून सेंट पॅट्रिक दिनाची मिरवणूक निघे. नोव्हेंबर १९७४ मध्ये त्या शहरात दोन गुत्त्यांत बॉम्बस्फोट झाले, २१ निरपराध माणसे मेली. त्यानंतर साऱ्या आयरिश समाजाकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले. माणसे बसमध्ये आपला उच्चार कानी पडू नये म्हणून गप्प बसत. सहा निर्दोष आयरिश माणसांना जन्मठेप झाली. त्यांची सुटका व्हायला १९९१ साल उजाडले. मिरवणूक बंद पडली, ती पुन्हा निघाली १९९६ साली. मधल्या वीस-बावीस वर्षांत मोठ्याने बोलता येईल, गाता येईल अशी जागा म्हणजे समाजाचे सभागृह!

या संस्था नाचगाण्यावरच थांबल्या नाहीत. आमचे आजार, आमची घरे, आमचे वार्धक्य यांची नोंद कुठेच नाही, आम्हाला वेगळे मोजा, अशी मागणी त्यांनी लावून धरली. २००१ च्या जनगणनेत ‘आयरिश’ हा स्वतंत्र रकाना प्रथमच आला आणि ब्रिटनमध्ये सुमारे ६ लाख ९१ हजार लोकांनी तो भरला. ज्याची नोंद नाही त्याचे दुःख सरकारला दिसत नाही, हा धडा सर्वच उपेक्षितांच्या कामाचा आहे.

आज प्रश्न आहे तो म्हाताऱ्यांचा. पन्नास साली आलेली मुले आता नव्वदीकडे झुकली आहेत. आयुष्यभर घरी पैसे धाडून धाकट्या भावंडांना शिकविलेले कित्येक जण एका खोलीत एकटे उरले. तरुणपणी ते जिथे नाचले, तो क्रिकलवुडचा ‘गॉल्टीमोर’ हा प्रचंड नृत्यमहाल २००८ साली बंद झाला. म्हणून कॅम्डनसारख्या केंद्रातील दुपारचे एकत्र जेवण, चहा आणि जुनी गाणी यांना आता औषधाइतके महत्त्व आले आहे. नेहमीच्या खुर्चीत एखादे आजोबा दिसले नाहीत की कुणी तरी विचारते, ‘आज आले नाहीत, बरे आहेत ना?’ हा एक प्रश्न विचारणारे कुणी असणे म्हणजेच समाज असणे. २०२० साली कोरोनाने सभागृहाला कुलूप लागले, तेव्हा केंद्राने जेवण म्हाताऱ्यांच्या दारापर्यंत पोहोचविले आणि फोनवरून विचारपूस चालू ठेवली.

१९९० साली निवडून आलेल्या आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांनी आपल्या निवासस्थानाच्या खिडकीत एक दिवा लावला. देशाबाहेर गेलेल्या प्रत्येक लेकरासाठी तो दिवा होता. पुढे २००४ पासून आयरिश सरकार परदेशातील अशा संस्थांना नियमित आर्थिक साहाय्य देऊ लागले. दिवा लावणे सोपे, त्यात तेल घालत राहणे कठीण. ते काम मात्र खुर्च्या मांडणारी, चहा करणारी, वर्गणी गोळा करणारी साधी माणसेच करीत आली आहेत.

आपल्याही वस्तीत एखादे सभागृह असेल, एखादे मंडळ असेल. तिथे पुढच्या कार्यक्रमाला जाताना शेजारच्या एकट्या आजी-आजोबांना हाताला धरून सोबत न्या. कार्यक्रमाचे सार्थक तिथूनच सुरू होते.