पेपर बुकात नसलेली पानं

खुनाच्या खटल्यात जन्मठेप लागली की नातेवाईक धावत येतात. बहुतेकांची समजूत एकच असते: आता हायकोर्टात केस पहिल्यापासून चालेल, साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभे राहतील आणि खरं काय ते बाहेर येईल. तसं होत नाही, हे त्यांना सांगणं माझ्या कामातला सगळ्यात जड भाग आहे. मी औरंगाबाद खंडपीठात विधी सेवा समितीच्या पॅनेलवरून फौजदारी अपिलं चालवते. अपिलात न्यायमूर्तींसमोर पेपर बुक असतं. आरोपपत्र, पंचनामे, साक्षी, रासायनिक विश्लेषकाचा (सीए) रिपोर्ट, निकाल असं सगळं त्यात एकत्र बांधलेलं असतं. सेशन कोर्टात जे कागदावर आलं नाही, ते हायकोर्टाच्या दृष्टीने जवळजवळ घडलेलंच नसतं.

म्हणून खालच्या कोर्टातल्या वकिलाचं गप्प राहणं आरोपीला आयुष्यभर पुरतं. पेपर बुक हातात आलं की मी निकाल मागाहून वाचते, आधी उलटतपासण्या वाचते. सरतपास चार पानांचा आणि उलटतपास पाच ओळींचा, असं कितीदा तरी दिसतं. त्या पाचातल्या तीन ओळी तर ठरलेल्याच असतात: ‘मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ याला उलटतपासणी म्हणत नाहीत. एका खटल्यात साक्षीदाराने सांगितलं होतं की अंगणातल्या बल्बच्या उजेडात आरोपीला कुऱ्हाड घेऊन पळताना पाहिलं. वेळ रात्री साडेदहाची. घटनास्थळाच्या पंचनाम्यात बल्ब नव्हता, विजेच्या जोडणीचाही उल्लेख नव्हता. त्या साक्षीदाराला किंवा तपास अधिकाऱ्याला याबद्दल एक प्रश्न विचारायला हवा होता. कोणी विचारला नाही. पंचनामा रेकॉर्डवर होता म्हणून मला अपिलात त्यावर बोलता तरी आलं. पण तेव्हा, तोंडावर विचारलं असतं तर साक्षीदार काय म्हणाला असता, ते आता कुणालाच कळणार नाही.

यामागे दर वेळी आळस किंवा बेफिकिरी असते असं नाही. सरकारी खर्चाने नेमलेल्या वकिलाला कधी कागदच उशिरा मिळतात, कधी आरोपीची भेटही होत नाही. मध्य प्रदेशातल्या खंडव्याच्या खटल्यात हे अगदी उघडं पडलं. एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून केल्याचा आरोप होता. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी आरोपीचा वकील हजर नव्हता, म्हणून कोर्टाने विधी सेवेतून दुसरा नेमला आणि त्याच दिवशी दोषारोप ठेवले. नव्या वकिलाला फाईल चाळायलाही उसंत मिळाली नाही. पंधरवड्यात खटला संपला आणि मार्चच्या सुरुवातीला फाशी सुनावली गेली. हायकोर्टाने ती त्याच वर्षी कायम केली. सर्वोच्च न्यायालयात न्या. उदय लळित यांच्या पीठाने १८ डिसेंबर २०१९ रोजी ती रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात न्यायमित्र (कोर्टाने नेमलेला वकील) म्हणून किमान दहा वर्षं वकिली केलेल्यालाच नेमावं, त्याला तयारीसाठी साधारण सात दिवस तरी द्यावेत, असं त्या निकालात आहे. पुढे २०२२ मध्ये त्या माणसाला पुन्हा फाशी झाली. डीएनए अहवालाच्या तज्ज्ञांची साक्षच झाली नव्हती म्हणून हायकोर्टाने २०२३ मध्ये प्रकरण परत पाठवलं, आणि मार्च २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. अकरा वर्षं गेली. त्या मुलीच्या घरच्यांच्या हातीही अकरा वर्षांनी काहीच उरलं नाही. घाईने दिलेला न्याय त्यांच्या तरी काय कामाचा?

तरीही ‘वकील वाईट होता’ एवढ्यावर शिक्षा रद्द होत नाही. वकील बदलला म्हणून साक्षीदार पुन्हा बोलावता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिल्लीच्या एका खटल्यात बजावलं आहे. ते मला पटतं. नाहीतर पीडितांना जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. अमेरिकेत १९८४ च्या स्ट्रिकलँड निकालापासून दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: वकिलाचं काम किमान दर्जाचंही नव्हतं आणि ते नीट झालं असतं तर निकाल वेगळा लागण्याची रास्त शक्यता होती. आपल्याकडे अशी बांधीव कसोटी नाही, पण युक्तिवाद त्याच वाटेने करावा लागतो. कुठल्या साक्षीदाराला कुठला प्रश्न विचारला नाही आणि त्याने काय बिघडलं, हे पानाचा नंबर देऊन दाखवायचं.

नव्या पुराव्याचा रस्ता वेगळा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३९१ खाली, अपील कोर्ट स्वतः जादा पुरावा घेऊ शकतं किंवा खालच्या कोर्टाला घ्यायला सांगू शकतं. पहिला प्रश्न हमखास येतो: हे तेव्हाच का नाही दिलं?

कधी पुरावा असतो, पण तो कुणी शोधलेलाच नसतो. पुण्यात ऑगस्ट १९९४ मध्ये एकाच घरात सात खून झाले होते. त्यातल्या एका आरोपीला १९९८ मध्ये फाशी झाली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तो गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, असा अर्ज २०१८ मध्ये झाला. हा मुद्दा कायद्याने कधीही, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली. बीकानेर जिल्ह्यातल्या शाळेच्या नोंदीत जन्मतारीख निघाली १ फेब्रुवारी १९८२. शाळेतलं नाव आणि खटल्यातलं नाव वेगळं होतं, तीही गाठ सोडवावी लागली. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की तेव्हा तो साडेबारा वर्षांचा होता. कायद्याने ज्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं, तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात राहिला. ती नोंद इतकी वर्षं त्या शाळेत होतीच.

महाराष्ट्रातल्याच २००३ च्या आणखी एका खटल्यात तर पुरावा पोलिसांकडेच होता. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. फाशी झाली ती भटक्या जमातीतल्या सहा जणांना, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच ठेवली. त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेतला, ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं.

म्हणून नातेवाईकांना मी सांगते: निकालाची नक्कल कैद्याला मोफत मिळते, ती आधी हातात घ्या. अपिलासाठी वकील परवडत नसेल तर विधी सेवेतून मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या होसकोट निकालापासून तो हक्क आहे, आणि महाराष्ट्राच्याच खटल्यातून आला आहे. हायकोर्टात अपिलाची मुदत साठ दिवस, फाशी असेल तर तीस. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते, तुरुंगातूनही अपील पाठवता येतं. शाळेचा दाखला, मस्टर, दवाखान्याची चिठ्ठी, जे असेल ते आणा. कॉल रेकॉर्ड आणि सीसीटीव्ही मात्र कायमचे जपून ठेवत नाहीत, त्यासाठी लगेच अर्ज करावा लागतो.

मग मी कैद्याला भेटते आणि विचारते, तुम्ही वकिलांना काय सांगितलं होतं जे कोर्टात आलंच नाही? कुणी कामावर असल्याचं सांगतो, कुणी साक्षीदाराशी बांधावरून असलेला जुना वाद सांगतो, आणि काही जण सांगतात की वकिलांशी बोलणंच झालं नाही. हे सगळं मी तारखांसकट लिहून घेते. ४३२ चा अर्ज त्यातूनच तयार होतो.