ऑल-इन कधी जायचं?

'यंदा गेटवर ऑल-इन!' 'आपण तर कॅम्पसवर ऑल-इन बे!' नंदनवनातल्या चहाच्या टपऱ्यांवर परीक्षा जवळ आली की हा शब्द हमखास ऐकू येतो. ऐकायला भारी वाटतो. सगळं लावलं, आता आर की पार! पण हा शब्द ज्या खेळातून आला, त्या पोकरच्या स्पर्धेत ऑल-इन म्हणजे शौर्य वगैरे काही नसतं. तो बराचसा बारावीच्या गणितातला संभाव्यतेचा धडा असतो. हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. तो का चालतो आणि कुठे अजिबात चालत नाही, या दोन्ही गोष्टी त्यातून कळतात.

आधी खेळ. टेक्सास होल्डएम या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात. त्यातली पहिली तीन म्हणजे 'फ्लॉप'. फ्लॉपच्या आधी ऑल-इन जायचं म्हणजे हातातली दोन पानं पाहून, बाकी काहीही न बघता, आपल्या सगळ्या चिप्स मध्ये सरकवायच्या.

असं कोणी का करेल? कारण इथे थांबणं फुकट नसतं. दर डावात दोघांना पानं बघण्याआधीच सक्तीची रक्कम टाकावी लागते. तिला 'ब्लाइंड' म्हणतात. (तीन पत्तीत न बघता खेळायला आपण ब्लाइंड म्हणतो, ते वेगळं. हे त्यातल्या 'बूट'सारखं.) वर 'अँटी' नावाची आणखी एक वर्गणी. आणि स्पर्धेत ठरावीक मिनिटांनी हे आकडे वाढत जातात.

समजा, नऊ जणांचं टेबल आहे. ब्लाइंड 500 आणि 1,000, अँटी 1,000. म्हणजे एक फेरी पूर्ण होईपर्यंत तुमच्या खिशातून 2,500 जाणार. तुमच्याकडे आहेत 10,000. काहीच न खेळता बसून राहिलात तर चार फेऱ्यांत, म्हणजे 36 डावांत खेळ खल्लास. 'दोन एक्के येऊ दे, मग बघतो' असं म्हणणाऱ्यासाठी आकडा असा : दोन एक्के सरासरी 221 डावांत एकदा येतात. 36 डावांत ते एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 15 टक्के. वाट बघणारा बहुतेक वेळा वाट बघतच बाहेर जातो.

आपल्या चिप्स भागिले एका फेरीचा खर्च, या आकड्याला खेळाडू 'एम' म्हणतात. बॅकगॅमनचा नामवंत खेळाडू आणि गणितज्ञ पॉल मॅग्रिएल याच्या आडनावावरून ते अक्षर आलं. 1995 साली 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'ची मुख्य स्पर्धा जिंकणाऱ्या डॅन हॅरिंग्टनने आपल्या पुस्तकांतून ते सगळीकडे पोचवलं. एम 20 च्या वर असेल तर निवांत खेळा. पाच किंवा त्याखाली आला की तो लाल पट्टा. तिथे दोनच पर्याय उरतात, पानं टाकून द्या नाहीतर सगळं लावा. आपल्या उदाहरणात एम आहे चार.

आता खरी गंमत. ऑल-इन गेलं की जिंकण्याचे दोन रस्ते उघडतात. एक, समोरचे घाबरून पानं टाकतात आणि मधले 2,500 न लढता तुमचे होतात. दोन, कोणी भिडलं तरी पाच पानं उघडल्यावर तुम्ही जिंकू शकता. समजा, भिडल्यावर तुम्ही शंभरातून फक्त 35 वेळा जिंकता. म्हणजे पानं तशी बेताचीच. समोरचे 60 टक्के वेळा पानं टाकत असतील, तर तिथून सरासरी 1,500 ची कमाई. उरलेल्या 40 टक्क्यांत मोठ्या ब्लाइंडवाला भिडला असं धरू. तेव्हा मध्ये साचतात 21,500; त्याचे 35 टक्के म्हणजे 7,525. तुम्ही घातले 10,000, म्हणजे तोटा 2,475. त्याचे 40 टक्के 990. एकूण गोळाबेरीज : 510 नफा. भिडलात तर बहुतेक वेळा हरणार, तरीही चाल फायद्याची! मात्र समोरचे निम्म्यापेक्षा कमी वेळा पानं टाकत असतील, तर हाच हिशेब तोट्यात जातो.

म्हणजे कमाई पानांइतकीच समोरच्याच्या भीतीतून येते. आणि भीती घालायला हातात काहीतरी शिल्लक लागतं. तुम्ही 2,500 उरेपर्यंत थांबलात आणि मग ऑल-इन गेलात, तर मोठ्या ब्लाइंडवाल्याला फक्त 1,500 आणखी टाकून 6,500 साठी खेळता येतं. त्याला 23 टक्के संधी पुरते. तो जवळपास कुठल्याही पानांवर भिडणार. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच असते. घाई करणाऱ्यांपेक्षा उशीर करणारे जास्त बुडतात.

कुठे बसलाय, हेही तितकंच महत्त्वाचं. प्रत्येक विरोधकाकडे भिडण्याजोगी पानं असण्याची शक्यता 10 टक्के धरा. तुमच्यामागे आठ जण बोलायचे बाकी असतील, तर त्यातल्या एकाकडे तरी ती असण्याची शक्यता होते 57 टक्के. दोघेच बाकी असतील तर 19. तीच पानं, तेवढ्याच चिप्स, पण जागा बदलली की निर्णय बदलतो.

आणि कधीकधी दोन एक्केसुद्धा टाकून द्यावे लागतात. मोठ्या स्पर्धेच्या दहा प्रवेशिका हेच बक्षीस आहे आणि अकरा खेळाडू उरलेत, असं समजा. पहिल्याला आणि दहाव्याला मिळणार सारखंच. तुमच्याकडे चिप्सचा ढीग असेल, तर भिडून आणखी मिळवायचं काही नाही, गमवायला मात्र सगळं आहे. म्हणून प्रश्न नेहमी 'माझी पानं किती भारी?' एवढाच नसतो. 'हरलो तर काय जातं, जिंकलो तर काय मिळतं?' हा असतो.

आता हाच प्रश्न स्पर्धेच्या बाहेर विचारून बघा. स्पर्धेत ऑल-इन शहाणपणाचं ठरतं, कारण भोवती कुंपण असतं. प्रवेश फी एकदाच. चिप्स संपल्या की उठायचं. त्या 10,000 चिप्स म्हणजे 10,000 रुपये नव्हेत. सगळं गेलं तरी जातं ते आधीच ठरवलेलं. पैशांच्या जुगारात हे कुंपणच नसतं. तिथे 'सगळं लावलं' म्हणतो तो दहा मिनिटांनी पुन्हा लावतो. आधी मेसचे पैसे, मग मित्राकडून उधार, मग कर्ज देणारं अॅप. तिथे ब्लाइंड वाढत नसतात, थांबणं फुकट असतं. 'आता लावलंच पाहिजे' ही निकड फक्त डोक्यात असते.

आपल्याकडे पोळ्याला पत्त्यांचे डाव बसतात, तेव्हा सकाळी गंमत म्हणून बसलेला माणूस रात्री काय हरून उठतो, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. आणि ऑनलाइनचं म्हणाल, तर 2023 मध्ये याच नागपुरात एका व्यापाऱ्याने 58 कोटी रुपये गमावल्याची तक्रार पोलिसांत केली होती. कुंपण नसलं की आकडा कुठवर जातो, ते यावरून कळावं. वरून अशा ठिकाणी समोर कोण खेळतंय, पानं कोण वाटतंय, हेही दिसत नाही. जिथे समोरच्याची भीतीच मोजता येत नाही, तिथे वरचं सगळं गणित फोल.

कायदाही आता स्पष्ट आहे. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद तिथे केलेला नाही. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोंत पोकर चालतं, पण 21 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही.

मग हे गणित शिकायचं तरी कशाला? कारण ते पैशांशिवायही तेवढंच रंगतं. आयआयएम कोझिकोडमध्ये तर व्यवस्थापनाचे डावपेच शिकवायला पोकरवर आधारित विषय घेतला गेला. होस्टेलवर पत्त्यांचा एक जोड, प्रत्येकी शंभर चिंचोके आणि दर पंधरा मिनिटांनी ब्लाइंड दुप्पट, एवढ्यावर स्पर्धा उभी राहते. एक वहीही ठेवा. ऑल-इन जाताना चिंचोके किती होते, मागे किती जण बाकी होते, कोण भिडलं, हे लिहा. निकाल मात्र शेवटच्या रकान्यात. चांगला निर्णय घेऊनही माणूस हरतो आणि वाईट निर्णय घेऊनही जिंकतो, हे महिनाभराच्या नोंदींतून जितकं स्वच्छ दिसतं, तितकं एरवी दिसत नाही.