टायरच्या पोटातलं गुपित

विमान ज्या टायरांवर उतरतं, ते नवेकोरेच असतात असं समजू नका! झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून तो पुन्हा वापरतात. पण आतले थर सुटले असतील तर? बाहेरून कळणारच नाही. इथे कामी येते लेझर शिअरोग्राफी. टायर बंद पेटीत ठेवून हवा खेचतात. दाब घटला, की सुटलेल्या थरांत अडकलेली हवा फुगते, रबर तिथे किंचित उचललं जातं. कॅमेरा टायरच्या दोन जराशा सरकवलेल्या प्रतिमा एकमेकींवर टाकतो. दाब घटण्याआधीची आणि नंतरची नक्षी ताडून पाहिली, की नेमक्या त्याच जागी फुलपाखरासारखे पट्टे उमटतात! टायर न कापताच निकाल हाती. बारावीत मार्कांपुरता घोकलेला इंटरफिअरन्स आठवतोय? तोच हा. पुढच्या लँडिंगला आपली भिस्त त्याच्यावरही असेल!