कॅरम भिंतीला टेकवू नका
बैठ्या खेळांचा पसारा आवरताना आपण आधी जागा शोधतो. गोंदिया जिल्ह्यात आधी ओल पाहावी. मालगुजारी तलाव, धानाच्या बांध्या आणि जून ते सप्टेंबरची दमट हवा यांमुळे इथे पाणी न लागताही पुठ्ठा आणि प्लायवूड फुगतात. ओलसर भिंतीला टेकवलेल्या कॅरमची मागची बाजू जास्त ओल पिते, पुढची कमी. पट वाकतो आणि सोंगट्या सरळ जाईनाशा होतात. म्हणून तो आतल्या कोरड्या भिंतीजवळ, जमिनीपासून वर, मागे हवा खेळेल असा ठेवावा. माळा सोयीचा खरा, पण कवेलूंखाली तो मे महिन्यात तापतो आणि जुलैत गळतो.

सगळे खेळ प्लास्टिकच्या घट्ट डब्यात भरले की झाले, असे कोणी म्हणेल. डबा चांगलाच, पण भर पावसात भरला तर दमट हवाच आत कोंडते आणि सापशिडीच्या पटाला बुरशी धरते. तो मे महिन्यात, खेळ सावलीत सुकवून, सिलिका जेलची पुडी टाकून भरावा. सुट्या सोंगट्यांसाठी वेगळ्या पिशव्या हव्यातच, तरी त्यांची फार काळजी नको. सापशिडीच्या हरवलेल्या सोंगटीच्या जागी शर्टाचे बटण चालते. वाकलेल्या पटाला असा पर्याय नाही. कापडी सारीपाटाला ही अडचणच नव्हती: कवड्यांसकट गुंडाळून तो खुंटीला टांगता येई.