एक्स-रेत न दिसणारी कळ

टाके कधीच भरलेत, सांधा नव्वद अंशांपुढे वाकतो, एक्स-रेत कृत्रिम भाग जागच्या जागी आहे. तरी व्रणाशेजारच्या कातडीवरून कापसाचा बोळा फिरवला, की काकू पाय झटकन मागे घेतात. "फोटोत काही नाही म्हणतेत, मग ठणकते काहून बाप्पा?" नागपुरात फिजिओथेरपी करताना हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकते.

गुडघा बदलल्यावर बहुतेकांना आराम पडतो. पण २०१२ च्या एका आढाव्यातल्या निरनिराळ्या अभ्यासांत १० ते ३४ टक्के लोकांचं दुखणं दीर्घकाळ राहिलेलं दिसलं. अशा वेळी जंतुसंसर्ग आणि सैल झालेला सांधा आधी तपासायलाच हवा. तिथं काही सापडलं नाही, की शोध मेंदूपर्यंत जातो.

संशोधक त्यासाठी फंक्शनल एमआरआय वापरतात. गुडघ्यात कोणता धातू आहे ते आधी सांगायचं, मग डोकं स्थिर ठेवून यंत्रात पडून राहायचं. दुखऱ्या जागी मोजून दाब देतात, थांबतात, पुन्हा देतात. किती दुखलं ते पेशंट ० ते १० मध्ये सांगतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडं प्राणवायू असलेलं रक्त जास्त धावतं, आणि प्राणवायू असलेल्या व नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असतात. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हा फरक टिपून दाखवला. तो इतका बारीक, की डोकं जरा हललं तरी चित्र बिघडतं.

वेदनेचं एकच केंद्र मेंदूत नाही. थॅलॅमस, इन्सुला, सिंग्युलेट असे कितीतरी भाग एकदम जागे होतात. मेंदूच्या देठातून खाली जाणारे संदेश कळ दाबतात किंवा वाढवतात. खुब्याच्या जुनाट दुखण्यात मेंदूच्या काही भागांतला करडा पदार्थ कमी झालेला, आणि शस्त्रक्रियेनं दुखणं गेल्यावर तो पुन्हा वाढलेला, जर्मन संशोधकांना २००९ मध्ये आढळला. मला यात फार मोठा दिलासा वाटतो.

मात्र ही चित्रं अनेकांची सरासरी सांगतात. एका बाईचं दुखणं खरं की खोटं, हा निकाल त्यांवरून कुणी देऊ नये; कळ किती, हे तिलाच विचारावं. शस्त्रक्रियेआधी खूप दुखत असेल, अंगात इतरत्रही दुखत असेल, तर पुढं दुखणं टिकण्याचा धोका वाढतो. हे प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही. ते ऑपरेशनची तारीख ठरवतानाच विचारले जावेत, एवढा माझा आग्रह आहे.